समोसा गरम होता, एवढंच

कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ६६, माहेर मराठवाड्यातलं. अमेरिकेत येऊन तीसेक वर्षं झाली, नागरिकत्वही जुनं. तीन वर्षांपूर्वी यजमान गेले. सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शनचे थोडे पैसे आणि एका पाळणाघरातली अर्धवेळ नोकरी एवढ्यावर भाडं भागेना, तेव्हा टेक्सासमधल्या लेकीने अर्ज भरून दिला आणि त्यांना ‘कॅलफ्रेश’ या सरकारी अन्न-मदत योजनेचं कार्ड (ईबीटी) मिळालं. हातांना संधिवात आहे, सकाळी बोटं वळत नाहीत, कणीक मळणं दोन वर्षांपासून बंद. म्हणून तयार पोळ्यांची पाकिटं, चिरलेली भाजी, कधी डब्यातली तयार उसळ घेतात. मागच्या महिन्यात एका भारतीय किराणा दुकानात त्यांनी पोळ्या, दही आणि काउंटरवरचे दोन गरम समोसे बिलाला ठेवले. कार्ड बघून तिथल्या मुलाने समोसे बाजूला काढले आणि “ईबीटीवर हे चालत नाही” असं जरा मोठ्यांदाच सांगितलं. मागे रांगेत मराठी मंडळातल्या ओळखीच्या बाई उभ्या होत्या. तेव्हापासून त्या दुकानात पाऊल टाकलेलं नाही, आता दोन बस बदलून दुसरीकडे जातात. पुण्याच्या नणंदेला हे सांगितलं तर ती म्हणाली, “सरकारच्या पैशांवर आयतं खायचं म्हणजे जरा अतीच होतं, वहिनी.” ताई विचारतात: “मदतीच्या पैशांतून शिजवलेलं विकत घेणं चूक आहे का? माझ्यापेक्षा गरजू कोणाला तरी मिळेल, म्हणून कार्ड परत करून टाकावं असं वाटतं.”

ताई,

कार्ड परत करू नका. तुम्ही परत केलेले पैसे रांगेतल्या पुढच्या गरजूला जात नाहीत. ही योजना ठरावीक जागांची नाही. जो कोणी नियमात बसतो त्या प्रत्येकाला ती मिळते, त्यामुळे तुम्ही घेतल्याने कोणाचं कमी होत नाही आणि सोडल्याने कोणाचं वाढत नाही. तुमच्या त्यागाचा फायदा होईल असं माणूसच यात नाही. एवढं आधी सांगून टाकते, कारण पत्राचा शेवट वाचताना मला तीच घाई दिसली.

आता समोसे.

कॅलफ्रेश हे कॅलिफोर्नियातलं नाव. देशभर त्याला ‘स्नॅप’ म्हणतात आणि आपली जुनी मंडळी अजून ‘फूड स्टॅम्प’. या योजनेच्या कायद्यात खाण्याच्या वस्तूंमधून तीन गोष्टी वगळल्या आहेत: दारू, तंबाखू आणि लगेच खाता येतील असे गरम पदार्थ. विकताना गरम असलेले, हा त्यातला कळीचा शब्द. ‘शिजवलेले’ असं तिथे म्हटलेलं नाही. त्यामुळे सुपरमार्केटमध्ये काचेच्या गरम पेटीत फिरणारी भाजलेली कोंबडी कार्डावर मिळत नाही आणि तीच कोंबडी थंड करून फ्रीजच्या कप्प्यात ठेवली की मिळते. गरम सूप नाही, थंड सूपचा डबा चालतो. घरी नेऊन भाजायचा कच्चा पिझ्झा चालतो, ओव्हनमधून काढलेला चालत नाही. आणि तुमचे ते दोन समोसे सकाळी तळून, निवल्यावर पाकिटात भरून शेल्फवर ठेवलेले असते, तर पोळ्या-दह्याबरोबर त्याच बिलात निमूट गेले असते.

तुमच्याच पत्रातली एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. पोळ्यांच्या पाकिटाला त्या मुलाने हातसुद्धा लावला नाही. त्या पोळ्याही कोणीतरी मळलेल्या, लाटलेल्या, भाजलेल्याच होत्या. ‘तयार अन्न घेतलंत’ म्हणून तुम्हाला अडवलंच नव्हतं. समोसा गरम होता, एवढंच. ती रेघ थर्मामीटरची होती. घरी येईपर्यंत तुम्ही ती लायकीची करून टाकलीत, आणि त्यात नणंदबाईंनी हातभार लावला.

ही रेघ शहाणपणाची आहे का? माझं मत विचाराल तर नाही. मदत घरी नेऊन रांधण्याच्या किराण्यासाठी आहे, हॉटेलात जेवण्यासाठी नाही, असा तिच्यामागचा विचार. घरात रांधणारं कोणी आहे, चूल धड आहे, हात धड आहेत आणि वेळ आहे, हे त्यात गृहीत धरलेलं. तुमच्यासारखीचे हात त्या गृहीतकात बसत नाहीत. मोठं वादळ किंवा वणवा आला की सरकार स्वतःच हा नियम काही आठवड्यांपुरता बाजूला ठेवतं. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसकडच्या वणव्यांनंतर ठेवला होता, कारण वीज आणि घर नसलेल्याला ‘घरी शिजव’ सांगणं हास्यास्पद असतं. बोटं न वळणाऱ्या बाईलाही ते तितकंच हास्यास्पद आहे, फक्त तिची आपत्ती बातम्यांत येत नाही. नियम बदलावा म्हणून तिथल्या संसदेत विधेयकं येत असतात. बदलेल तेव्हा बदलेल.

आता ‘आयतं’.

हा शब्द आपल्याकडे शिवीच्या जवळ जातो. आयत्या बिळावर नागोबा, आयत्या पिठावर रेघोट्या. यातला राग दुसऱ्याचे श्रम फुकट लाटणाऱ्यावर आहे. त्यात बाईसाठी एक जादा कलम आपण गुपचूप घालून ठेवलं आहे: तिने स्वतः रांधलेलं नसेल तर ते आयतं. पुरुष आयुष्यभर ताटावर बसतो, त्याच्या बाबतीत हा शब्द कोणी काढत नाही.

नणंदबाई पुण्यात राहतात ना? मग त्यांच्या पोळ्या कोण करतं हे प्रेमाने विचारा. बहुधा मावशी येत असतील. नसतील तर कोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्र असेलच. अर्धं पुणे आणि मुंबई त्या केंद्रांवर जेवतं आणि कोणाला त्यात अपराध वाटत नाही. म्हणजे आक्षेप आयत्या पोळीला नाही, पैसे कुठून आले याला आहे. आणि तोही आपल्याच राज्यात टिकत नाही. २६ जानेवारी २०२० ला महाराष्ट्र सरकारने शिवभोजन थाळी सुरू केली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. शिजवलेली, गरम, सरकारी पैशांची. तिथे जेवणाऱ्याला कोणी “घरी का नाही रांधलंत?” असं विचारत नाही.

तुम्ही मराठवाड्यातल्या, म्हणजे १९७२ तुम्हाला आठवत असणार. बारा-तेरा वर्षांच्या असाल. दुष्काळी कामांवर आणि शाळांमधून सुकडी वाटायचे. तीही तयार आणि सरकारीच. रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची, तिच्या भाकरीला घरोघर नावं ठेवत खाल्लेलं आमच्याकडच्या मोठ्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं आहे की मीच खाल्ली असावी असं वाटतं. ती मिलो अमेरिकेतून यायची. त्याआधीची पंधरा-सोळा वर्षं अमेरिकेचा जादा गहू पीएल-४८० या १९५४ च्या कायद्याखाली आपल्याकडे येत होता.

आणि फूड स्टॅम्पची जन्मकथाही त्याच जादा धान्यातली आहे. मे १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात ही योजना पहिल्यांदा सुरू झाली. मंदीचा काळ, एकीकडे माणसं उपाशी आणि दुसरीकडे शेतकऱ्यांचा माल पडून. लोकांनी एका डॉलरचे नारिंगी स्टॅम्प विकत घेतले की वर पन्नास सेंटचे निळे स्टॅम्प फुकट मिळायचे, आणि निळ्यांवर सरकारने ‘शिल्लक’ ठरवलेला मालच घेता यायचा. १९४३ मध्ये ती बंद पडली, १९६४ च्या कायद्याने कायमची झाली. पुढे स्टॅम्पच्या जागी कार्ड आलं आणि २००८ मध्ये नावही बदललं. आजही ती त्या देशाच्या कृषी खात्याकडेच आहे. हा इतिहास सांगते तो एवढ्यासाठी की ही योजना कोणाच्या दयेतून जन्मलेली नाही. शेतकऱ्याचा माल खपावा, दुकानदाराचा गल्ला भरावा आणि माणसं जेवावीत, असा तो तिहेरी व्यवहार आहे. तुम्ही त्यातली एक बाजू आहात. त्या किराणा दुकानाचा मालकही लाभार्थीच आहे, तो मान खाली घालत नाही.

तुम्ही तीस वर्षं तिथे राबलात, कर भरलात, हे मी मुद्दाम पुढे करत नाही. ते खरंच आहे. पण कर न भरलेल्या माणसालाही भूक लागते, आणि ‘मी कमावलंय म्हणून माझा हक्क’ असं एकदा म्हटलं की ज्याने कमावलं नाही त्याच्याकडे आपणही नणंदबाईंच्याच नजरेने बघू लागतो.

आता नणंदबाईंच्या बोलण्यात जे तथ्य आहे त्याकडे येते, कारण आहे थोडं. ते नीतीचं नाही, हिशेबाचं आहे. स्नॅपची रक्कम ज्या काटकसरीच्या आहार-आराखड्यावर बेतलेली आहे, त्यात जवळजवळ सगळं घरी शिजवायचं असं धरलेलं असतं. २०२१ मध्ये तो आराखडा नव्याने केला आणि रक्कम बरीच वाढली, तरी एकट्या माणसाला जास्तीत जास्त मिळतात ते महिन्याला तीनशे डॉलरच्या आतच, आणि तुमची मिळकत धरली तर तुम्हाला त्याहून कमी मिळत असणार. तयार डब्यांवर हे पैसे पंधरा तारखेलाच संपतात. म्हणून प्रश्न ‘तयार घ्यावं का’ असा न विचारता ‘कुठलं तयार घ्यावं’ असा विचारा.

माझा आडाखा असा: बोटांचं काम वाचवणारं तयार घ्या, नुसता वेळ वाचवणारं शक्यतो नको. पोळ्या अगदी घ्या. मळणं आणि लाटणं हेच तुमचं सगळ्यात अवघड काम आहे, तिथे एक डॉलरही वाया जात नाही. चिरलेली, सोललेली भाजी घ्या, पण ताज्या चिरलेल्यापेक्षा गोठवलेली स्वस्त आणि टिकाऊ. मटार, फरसबी, भेंडी, खोवलेला नारळ, मेथीसुद्धा गोठवलेली मिळते. तयार उसळीचा डबा मात्र मी सोडेन. भिजवलेले हरभरे कुकरमध्ये टाकायला बोटं लागत नाहीत, झाकण लावायला लागतात. झाकण जड जात असेल तर बटणावर चालणारा विजेचा कुकर बघा. तो या कार्डावर येणार नाही, लेकीला वाढदिवसाला मागा. मुलांना आईला काय द्यावं हे कळत नसतं, सांगितलेलं बरं असतं. वरण-भात, खिचडी, सूप त्यात लागतं आणि आठवड्यातून दोनदा जास्तीचं करून गोठवता येतं. थंड सॅलड, थंड सँडविच, दही, कापलेली फळं कार्डावर चालतात, फक्त ती घरी न्यायची. दुकानातल्याच टेबलावर बसून खाण्यासाठी विकलेलं अन्न चालत नाही.

जाता जाता, भारतीय दुकानात लोक हमखास फसतात ते दोन ठिकाणी. च्यवनप्राशासारख्या बरणीवर पोषणाची माहिती ‘सप्लिमेंट’ म्हणून छापलेली असेल तर ती कार्डावर जात नाही. उदबत्ती आणि कापूर तर नाहीच, देवाला नैवेद्य चालेल पण धूप नाही. उलट एक गोष्ट चालते ती फार कमी जणांना माहीत असते: खाण्यायोग्य पीक देणारी रोपं आणि बी. मिरचीचं रोप, कोथिंबिरीचं बी.

आणि गरम जेवण हवंच असेल, जे ६६ व्या वर्षी कोणालाही हवं असतं, तर वाट आहे. कॅलिफोर्नियात साठीच्या पुढच्यांना, अपंगांना आणि बेघरांना हेच कार्ड ठरावीक हॉटेलांत वापरता येतं. सप्टेंबर २०२१ पासून ही सोय राज्यभर आहे. वेगळा अर्ज लागत नाही. एकट्या राहत असल्याने तुम्ही त्यात सरळ बसता. दारावर किंवा काउंटरजवळ कार्ड स्वीकारत असल्याची पाटी असते. आत जाण्याआधी विचारून घ्या, कारण एकाच नावाच्या दोन शाखांपैकी एक घेते आणि दुसरी घेत नाही असं होतं. यातली गंमत तुमच्या लक्षात आली असेलच: किराणा दुकानातला गरम समोसा नाही, पण नोंदणी केलेल्या हॉटेलातलं गरम जेवण मात्र त्याच कार्डावर. मला हसू आलं, मग राग आला. या यादीत फास्ट फूडचीच ठिकाणं बरीच असतात, शाकाहारी असाल तर निवड आखूड आहे. पण महिन्यातून चारदा कोणीतरी वाढलेलं गरम खाणं हेही काही कमी नाही.

दुसरी वाट मला याहून आवडते. साठीपुढच्यांसाठी ज्येष्ठ नागरिक केंद्रांत दुपारचं जेवण असतं. १९७२ मध्येच तिथल्या कायद्यात ही सोय आली, आपल्याकडे सुकडी वाटली जात होती त्याच वर्षी. तिथे उत्पन्न विचारत नाहीत, कार्ड लागत नाही, इच्छेनुसार काय ते पेटीत टाकायचं. पानात काय असेल ते केंद्रावर अवलंबून, शाकाहारी मिळतं का ते फोन करून विचारा. तुमच्या पत्रात समोशांपेक्षा मला एक गोष्ट जास्त खुपली: तीन वर्षांत तुम्ही कोणाबरोबर बसून जेवल्याचा उल्लेख नाही. बाहेर पडणं कठीण असेल तर घरपोच डबाही असतो.

तिसरं, कागदपत्रांचं. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी वैद्यकीय खर्च लिहायला विसरू नका. साठीपुढच्यांचा, विम्याने न भरलेला, महिन्याला ३५ डॉलरच्या वरचा खर्च उत्पन्नातून वजा होतो: मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा हप्ता, औषधं, चष्मा, दाताचं काम. लेकीने घाईत अर्ज भरला असेल तर हा रकाना रिकामा असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो भरला की रक्कम वाढू शकते. शिवाय तुमच्याकडे मेडि-कॅल, म्हणजे कमी उत्पन्नाच्यांसाठीचा कॅलिफोर्नियाचा आरोग्यविमा, असेल तर ‘इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस’ची चौकशी करा. त्यात घरी येऊन मदत करणाऱ्याचे तास मंजूर होतात, आणि स्वयंपाक हे त्यातलं मान्य काम आहे. म्हणजे डॉक्टरांनी हातांची अवस्था लिहून दिली तर अमेरिकेतही तुमच्याकडे मावशी येऊ शकतात. हे मात्र नणंदबाईंना जरूर कळवा.

इतर वाचकांसाठी थोडं, कारण अशी पत्रं एकटी येत नाहीत. प्रत्येक राज्याचे बारकावे वेगळे आहेत. हॉटेलची सोय मोजक्याच राज्यांत आहे, आणि अलीकडे काही राज्यांनी कार्डावरून थंड पेयं, गोळ्या-चॉकलेटं वगैरे काढायला सुरुवात केली आहे, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या मैत्रिणीचा अनुभव आयोवात लावू नका. २०२५ च्या कायद्याने कामाच्या तासांची अट ६४ वर्षांपर्यंतच्यांना लावली आहे. ग्रीनकार्डवर आलेल्या प्रौढांना साधारण पाच वर्षं थांबावं लागतं, आणि मुलाने प्रायोजक होऊन आणलेल्या आईवडिलांच्या बाबतीत नागरिकत्व मिळेपर्यंत बहुधा मुलाची मिळकतही मोजली जाते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना ही मदत नाही, पण त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना मिळू शकते. ज्यांचं स्थलांतराचं प्रकरण अजून चालू आहे त्यांनी अर्जाआधी वकिलाला विचारावं, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काकांना नाही.

ताई, उरली ती रांग. मागे उभ्या असलेल्या बाई काही म्हणाल्या असं तुम्ही लिहिलेलं नाही. हसल्या नाहीत, कुजबुजल्या नाहीत, मंडळात बोभाटा झाला नाही. त्यांच्या मनातलं सगळं तुम्हीच लिहिलं आहे, आणि फार वाईट अक्षरात. २०२४ मध्ये अमेरिकेत आठ माणसांमागे साधारण एकाला ही मदत मिळत होती. मंडळाच्या गणपतीला दोनशे माणसं जमत असतील तर हिशेब तुम्हीच करा, आपली माणसं थोडी कमी धरा हवं तर. तो मुलगा मोठ्यांदा बोलला ही मात्र चूकच, आणि दुकानाच्या मालकाला ते शांतपणे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. “नियम मला कळला, पण पुढच्या वेळी हळू सांगायला सांगा” एवढं पुरे.

खरा तोटा दोन बसचा आहे. दुखऱ्या बोटांत पिशव्या अडकवून तुम्ही एका समोशाची किंमत दर आठवड्याला भरता आहात. जुन्याच दुकानात जा, मंगळवार-बुधवारी सकाळी, गर्दी नसताना. सामान दोन ढिगांत ठेवा, आधी कार्डाचं, मग रोखीचं, आणि “हे ईबीटीवर, हे कॅश” असं तुम्हीच आधी सांगा. समोसे गरमच आवडत असतील तर त्यांचे पैसे पर्समध्ये वेगळे ठेवा. गरम खाण्यावर तिथे विक्रीकरही लागतो, तेव्हा थोडी चिल्लर जास्त. नाहीतर त्या मुलालाच विचारा की निवलेले समोसे पाकिटात कधी भरतात. त्या वेळेला जा, घरी आणा, तव्यावर मंद आचेवर ठेवा. दही तुम्ही घेतलेलंच असतं.